सरकत्या पट्ट्यावरची सुशी

१९४७ साली तोक्योत सुशी खायची असेल, तर घरून तांदूळ घेऊन जावे लागे. एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ कारागिराच्या हवाली करायचे, वर मजुरी द्यायची आणि सुशीचे दहा नग घ्यायचे. युद्धात हरलेल्या जपानमध्ये अन्नाची टंचाई इतकी तीव्र होती की त्या वर्षीच्या जुलैत सरकारने एका आदेशाने बहुतेक उपाहारगृहे बंद केली. तोक्योतील सुशीवाल्यांच्या संघटनेने त्यातून वाट काढली. आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकाच्या तांदळाची सुशी करून देतो, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो मान्य झाला. आपल्याकडे गिरणीत दळण टाकतात, तसाच हा व्यवहार.

मित्रहो, आज सुशी म्हटले की मंद दिवे, चकचकीत लाकडी ओटा आणि भरमसाट बिल डोळ्यांसमोर येते. परंतु या पदार्थाचा इतिहास मुख्यतः साध्या माणसाच्या खिशाचा आहे. तो खिसा सुशीपासून एकदा दुरावला आणि एका यंत्रामुळे पुन्हा तिच्याजवळ आला. हा थ्रेड त्याविषयी.

सुशीचे मूळ रूप म्हणजे भातात महिनोन्‌महिने मुरवलेला मासा. बिवा सरोवराच्या काठी ती आंबूस ‘फुनाझुशी’ आजही करतात. आपण जिला सुशी म्हणतो ती भाताच्या मुटक्यावर माशाची चकती ठेवलेली ‘निगिरी’ मात्र एदो शहरातली, म्हणजे आजच्या तोक्योतली. तिचे श्रेय १८२० च्या दशकातील हानाया योहेई या विक्रेत्याला देण्याचा प्रघात आहे. एदो हे सुतार, हमाल, कारागिरांनी गजबजलेले शहर. त्यांना हवे होते उभ्या उभ्या, दोन घासांत संपणारे खाणे. तेव्हाचा एक नग आजच्या दोन-तीन नगांएवढा असे. शोयूचे भांडे सर्वांना मिळून एकच. आणि ज्या ट्यूनासाठी, म्हणजे आपल्या कुप्याच्या भाऊबंदांसाठी, आज लिलावात लाखोंच्या बोली लागतात, तो तेव्हा हलका मासा गणला जाई. त्याचा चरबीदार ‘तोरो’ भाग तर लवकर नासतो म्हणून टाकून देत.

अर्थात तेव्हाही श्रीमंतांची सुशी निराळी होतीच. १८४१ ते १८४३ दरम्यान मिझुनो तादाकुनीने चैनीला आळा घालणाऱ्या तेनपो सुधारणा आणल्या, तेव्हा महाग सुशी विकणाऱ्यांवरही कारवाई झाली. खुद्द योहेईच्या हातांत बेड्या पडल्या, असे सांगतात. (सुशीपायी बेडी! शासनकर्त्यांना ताटात डोकावण्याची खोड जुनीच.)

१ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झाले. अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची ही स्थानिक चीज देशभर पोहोचली. वर सांगितलेल्या तांदळाच्या व्यवहाराने तिला आणखी बळ दिले. युद्धानंतर स्वच्छतेच्या कारणावरून रस्त्यावरच्या गाड्या हटल्या आणि सुशी चार भिंतींच्या आत गेली. तिथे तिचा स्वभाव बदलला. ओट्यामागे अबोल उस्ताद, समोर मोजके गिऱ्हाईक आणि भिंतीवरच्या पाटीवर दराऐवजी एकच शब्द: ‘जिका’, म्हणजे आजचा बाजारभाव. तो किती, हे बिल आल्यावर कळणार. कारखान्यातल्या कामगाराने कुटुंबासह अशा दुकानाची पायरी कशी चढावी?

ओसाकाजवळच्या फुसे भागात शिराईशी योशिआकी नावाचे गृहस्थ उभ्याने खाण्याचे छोटे सुशी दुकान चालवीत. गिऱ्हाईक बहुतांशी आसपासच्या लहान कारखान्यांतले कामगार. दुकानाला गर्दी होती, हाताखाली माणसे मात्र टिकत नसत. आसाही बिअरच्या कारखान्यात त्यांनी सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि त्यांच्या मनात आले: बाटल्या जातात, तर सुशीच्या ताटल्या का जाऊ नयेत?

कल्पना सोपी, करणे अवघड. सरळ रेषेत पट्टा चाले, पण वळणावर ताटल्या अडकत. अखेर चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकीला एक जोडून ते वळण साधले. मग वेगाचा प्रश्न. पट्टा जोरात फिरवला तर सुशी वाळते आणि खाणाऱ्याची तारांबळ उडते. हळू फिरवला तर गिऱ्हाईक कंटाळते. सेकंदाला सुमारे आठ सेंटिमीटर हा वेग योग्य ठरला. एप्रिल १९५८ मध्ये ‘मावारु गेनरोकू झुशी’, म्हणजे फिरती गेनरोकू सुशी, सुरू झाली. १९६२ साली शिराईशींना या यंत्राचे हक्क मिळाले. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात तिथे झुंबड उडाली आणि नाव देशभर झाले.

या दुकानातील खरी क्रांती पट्ट्यापेक्षा ताटलीची, असे माझे मत आहे. ताटलीच्या रंगावरून किंवा दुकानाच्या एकसमान दरावरून किंमत आधीच ठाऊक. समोर रचलेल्या रिकाम्या ताटल्या मोजल्या की बिल तयार. काही विचारायला नको, लाजायला नको, हवे तेव्हा थांबता येते. फिरत्या सुशीला नाके मुरडणारे परंपराप्रेमी जपानमध्येही आहेत. पण एदोच्या गाडीवर उभ्या सुताराला आजची कोणती सुशी ओळखीची वाटली असती, याचा विचार करून पाहावा.

शिराईशींचे हक्क १९७८ मध्ये संपताच स्पर्धक पुढे सरसावले. तोवर इशिकावा प्रांतातील यंत्रनिर्मात्यांनी बसल्या जागी गरम चहा देणारा नळही पट्ट्याला जोडला होता. १९८१ मध्ये सुझुमो कंपनीने भाताचे मुटके वळणारे यंत्र आणले. त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. १९७० पासून सरकार शेतकऱ्यांना भाताची लागवड कमी करायला सांगत होते, कारण तांदूळ खपत नव्हता. भात स्वस्तात खाऊ घातला तर लोक अधिक खातील, हा सुझुमोच्या संस्थापकाचा हिशेब. दीडशे ग्रॅम तांदूळ बांधून नेण्याचे दिवस सरून पुरती चाळीस वर्षेही झाली नव्हती.

मासा मात्र स्वस्त होत नव्हता. इथे नॉर्वे येते. प्रशांत महासागरातील सॅल्मनमध्ये परजीवी आढळत, म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेकडे शेतीतला सॅल्मन उदंड झाला आणि त्यांनी ‘प्रोजेक्ट जपान’ हाती घेतला. प्रतिष्ठित उस्तादांनी हा मासा नाकारला. फिरत्या पट्ट्याने तो आनंदाने घेतला. आज तिथला सर्वांत लोकप्रिय मासा तोच आहे. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

याच पट्ट्यावर खेकड्याच्या चवीच्या, लाल-पांढऱ्या कांड्याही फिरतात. त्या खेकड्याच्या नसून ‘सुरीमी’ या माशाच्या लगद्याच्या असतात. हा लगदा साखर घालून गोठवला तर बिघडत नाही, हा शोध १९६० च्या सुमारास होक्काइदोत लागला आणि सुरीमीचा धंदा जगभर पसरला. रत्नागिरीतही सुरीमीचे मोठे कारखाने आहेत. कोकण किनाऱ्यावरच्या राणी माशापासून केलेल्या सुरीमीला व्यापारात ‘इतोयोरी’ हे जपानी नावच चालते.

या स्वस्ताईचा पायाही डळमळतो आहे. दोन नगांची शंभर येनची ताटली ही या धंद्याची वर्षानुवर्षांची ओळख. महागलेला मासा, घसरलेला येन आणि वाढलेले भाडे यांपुढे २०२२ मध्ये मोठ्या साखळ्यांना दर वाढवावेच लागले. पुढच्याच वर्षी जानेवारीत आणखी एक आघात झाला. काही तरुणांनी शोयूच्या बाटल्या आणि पट्ट्यावरची सुशी उष्टावतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या. अनेक दुकानांनी फिरत्या ताटल्या बंद केल्या. मागणी पडद्यावर नोंदवायची आणि तेवढीच ताटली थेट आपल्यापुढे येणार, ही पद्धत रुळली.

२०२३ पासून सुशिरो या साखळीच्या काही दुकानांत बैठकीशेजारी लांबलचक पडदा बसवला आहे. त्यावर सुशीच्या ताटल्यांची चित्रे सरकत असतात. हवी त्या चित्राला बोट लावायचे.