गोंदिया–हैदराबाद हवाई अंतर

गोंदियाचा विमानतळ बिरसी येथे असून तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश राजवटीत बांधला गेला. बिरसी ते हैदराबादजवळील शमशाबाद विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे 515 किमी. आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरील सर्वांत आखूड रेषेने मोजतात. ताशी 500 किमी. वेगाने हिशेब केल्यास जेमतेम तासाभराचा प्रवास. वेळापत्रकातला वेळ मात्र बराच अधिक असतो, कारण धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेला वळसा त्यात धरलेला असतो. या मार्गावर 2022 मध्ये फ्लायबिग या विमान कंपनीची व डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोची सेवा सुरू झाली. धानाच्या गोंदिया जिल्ह्याला ती फार उशिरा लाभली.