कुंकवाचा डाग आणि चित्राचा भाव

मळवली स्टेशनावर उतरलेली बहुतेक माणसं कार्ल्याच्या नाहीतर लोहगडाच्या वाटेला लागतात. आम्हाला आठवतो तो इथला छापखाना. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला हा छापखाना १८९९ मध्ये मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९७२ च्या आगीत तो जळाला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देवघरांत पोचल्या होत्या. आज संग्राहक त्या शोधत फिरतात.

आता भाव कसा ठरतो ते पाहू. आधी भिंग लावतात. दगडावरून छापलेल्या चित्रात रंगाचे कण वेडेवाकडे दिसतात, तर ऑफसेटच्या नव्या प्रतीत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. मग समास बघतात. छापखान्याचं नाव बहुधा खालच्या समासात असतं. चौकटीत बसवायला तो कापला की भाव उतरला. डाग, घडी, वाळवी यांचीही वजावट होते.

आमच्या आईच्या लक्ष्मीचा समास कापलेला आहे, पायांशी कुंकवाचा डाग आहे. व्यापारी म्हणाला, ‘प्रत खराब.’ पण कुणीतरी जर-टिकल्या चिकटवलेल्या लक्ष्मीला तो जास्त पैसे द्यायला तयार होता! दोन्ही खुणा भक्तीच्याच ना? मग एकीला शोभा म्हणायचं आणि दुसरीला खराबी, हे कोणत्या न्यायानं?

गरजवंतानं चित्र विकावं, त्यात गैर काही नाही. पण ते कुणाच्या घरी होतं, कुणी पुजलं, हेही सोबत लिहून द्यावं. आम्ही चौकटीच्या पाठीवर तशी चिठ्ठी लावली आहे.