ठाणे खाडीच्या खाजगी पाणथळींतील हिवाळी पक्षी

ठाणे खाडीच्या पूर्वतीरावरील मौजे पावणे (ता. व जि. ठाणे) व पैलतीरावरील विक्रोळी यांच्या परिसरात, खाजगी अथवा पूर्वी खाजगी असलेल्या खारजमिनींवर पुनरुज्जीवित झालेल्या पाणथळींमध्ये हिवाळ्यात उतरणारा पक्षिसमुदाय.

भूमी : आगरी खातेदारांनी बांध घालून व उघाडीवाटे (बांधातील पाण्याच्या दारावाटे) भरतीचे पाणी आवरून या किनाऱ्यावर भातखाचरे व मिठागरे राखली होती. औद्योगिक वसाहत व १९७० नंतरचे सिडकोचे भूसंपादन यांमुळे ती बहुतांशी संपुष्टात आली. खाडीकाठी जेथे बांध दुरुस्तीअभावी फुटले, तेथे खारे पाणी शिरून तिवरांचे रान आपोआप माजले. यास पुनरुज्जीवन म्हणावे की शेतीची नासाडी, याविषयी मतभेद आहेत.

विक्रोळी : गोदरेज उद्योगसमूहाच्या ताब्यातील कांदळवनात १९८५ मध्ये सूनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिसंस्था केंद्र स्थापन झाले. मालकीहक्काच्या न्यायालयीन वादाचा विचार येथे केलेला नाही.

पक्षी : ओहोटीने खाडीचा चिखल उघडा पडला म्हणजे सायबेरियासारख्या शीत प्रदेशांतून आलेले टिलवा, चिखल्या, तुतवार, पाणटिवळा आदी पक्षी तेथे कृमी व लहान कवचधारी प्राणी टिपतात, परंतु भरतीने तो चिखल बुडाला की, हेच थवे बांधाआडच्या उथळ, वृक्षहीन पाण्यात विसाव्यास येतात, आणि तशी जागा जवळ नसल्यास परतीच्या प्रवासासाठी साठविलेली त्यांची चरबी निष्फळ उड्डाणांत खर्ची पडते. म्हणून दाट तिवरलागवड हेच पुनरुज्जीवनाचे एकमेव मान समजणे घातक होय. कारण झाडी वाढताच मोकळ्यावर विसावणारे पक्षी जागा सोडतात व बगळे, खंड्या यांसारखेच टिकतात. उघाडी बुजून पाण्याची ये-जा थांबली तर जलाशय शेवाळाने कोंदतो. नेरूळच्या डीपीएस तलावाविषयी हा प्रश्न २०२४ मध्ये ऐरणीवर आला. लहान व मोठा रोहित (फ्लेमिंगो) साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात असतात. लहान रोहिताचे मुख्य खाद्य नील-हरित शैवल असून, सांडपाण्यामुळे ते वाढले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

बदके : थापट्या, तलवार बदक.

संरक्षण : २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन, खाजगी जमिनीवरील असले तरी, तोडण्यास मनाई झाली. ऐरोली व वाशी पुलांदरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित अभयारण्य ठरले व २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरतीवेळच्या विसाव्याच्या कित्येक जागा मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.