मेघांवर सत्ता कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस बहुतांशीं पावसाच्या भरंवशावर पिकतो. पेरणीनंतर पावसानें ओढ दिली, तर कोवळें रोप करपतें व दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो. उलट दसऱ्याच्या सुमारास बोंडें फुटल्यावर तोच पाऊस कोसळला, तर वेचणीस आलेला कापूस भिजून काळवंडतो. असा पाऊस मनुष्याच्या इच्छेनें पडूं लागला, तर ती इच्छा कोणाची असावी?

१९४६ सालीं अमेरिकेंत व्हिन्सेंट शेफर यांनीं विमानांतून ढगांत गोठविलेला कर्बवायू टाकला आणि त्यांतून हिमकण झरूं लागले. महाराष्ट्रांत या विद्येची खरी कसोटी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें बारामतीच्या परिसरांत पाहिली. १९७३ ते १९८६ या काळांतील अकरा पावसाळ्यांत विमानांतून ढगांत मिठाची पूड सोडण्यांत आली. मिठाच्या कणाभोंवतीं जलबिंदू वाढतो आणि जड होऊन खालीं येतो. दोन क्षेत्रांपैकीं पूड कोठें सोडावयाची, तें यदृच्छेनें ठरे. दुसरें क्षेत्र तुलनेसाठीं तसेंच राही. सुमारें २४ टक्के अधिक पाऊस, असा निष्कर्ष निघाला.

पुढें २००३ सालीं राज्य शासनानें अवर्षणावर हा उपाय योजला. २०१५ व २०१९ सालीं मराठवाड्यांत तो पुन्हां झाला. परंतु जनता तहानलेली असतां तुलनेसाठीं ढग कोण सोडून देईल? मग पडलेल्या सरींत निसर्गाचा वांटा किती आणि विमानाचा किती, हें सांगावें कसें? २०१८-१९ मध्यें सोलापूर येथें पुण्याच्याच संस्थेनें पुन्हां शास्त्रीय प्रयोग केला. तेथें सुमारें १०० चौरस किलोमीटर क्षेत्रांत १८ टक्के वाढ आढळली. मात्र त्यासाठीं आधीं योग्य ढग यावे लागतात. निरभ्र आकाश दोहतां येत नाहीं.

१९७८ सालीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें शत्रुत्वानें हवामान बदलण्यास बंदी केली. भारतही त्यांत सामील झाला. परंतु शांततेच्या कार्यास त्यांत मुभा आहे. एकाची तहान भागवितांना दुसऱ्याचा कापूस भिजला, तर दाद कोठें मागावी, हें तो करार सांगत नाहीं.

आज तर पृथ्वी थंड राखण्यासाठीं वातावरणाच्या उंच थरांत कण पसरून सूर्यप्रकाश परतविण्याच्या कल्पना निघाल्या आहेत. तेथें तुलनेसाठीं दुसरी पृथ्वी नाहीं. म्हणून उपाय योजण्यापूर्वीं ज्याच्या शेतावर त्याचें फळ पडणार, त्याची संमति घेणें आणि हानीची जबाबदारी ठरविणें, हाच शहाणपणा होय.