क्वांटम त्रुटिसुधारणा

क्वांटम संगणकातील क्युबिट उष्णता, भटकी चुंबकीय क्षेत्रे, विश्वकिरण अशा कारणांनी सतत बिघडतात. तो बिघाड गणना चालू असतानाच हुडकून दुरुस्त करण्याची पद्धत म्हणजे क्वांटम त्रुटिसुधारणा. साध्या संगणकात बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेतले की भागते. अज्ञात क्वांटम अवस्थेची प्रत मात्र निघत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले होते. शिवाय मोजमाप केले की अवस्था मोडते. म्हणून असे संगणक कागदावरच राहणार, असे अनेकांना वाटे. १९९५ मध्ये पीटर शॉर यांनी एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत गुंफून दाखवली आणि ही कोंडी फुटली.

अलेक्सेई किटाएव यांच्या कल्पनेतून पुढे आलेला ‘सरफेस कोड’ आज सर्वाधिक वापरात आहे. यात माहितीचे क्युबिट चौकटीच्या जाळीत बसवतात आणि त्यांच्यामध्ये तपासणीचे क्युबिट पेरतात. तपासनीस आपल्या चार शेजाऱ्यांपैकी कोणाचेही मूल्य विचारत नाही. चौघांची गोळाबेरीज सम की विषम, एवढेच सांगतो. काही तपासण्या मूल्य उलटल्याच्या, तर काही कला बिघडल्याच्या. या उत्तरांवरून साधा संगणक चूक कुठे झाली ते ताडतो, आणि मूळ माहिती न पाहताच सुधारणा होते.

खरी अट उंबरठ्याची आहे. प्रत्येक क्रियेतील चुकांचे प्रमाण साधारण एक टक्क्याखाली असेल तरच जाळी मोठी करून फायदा. नाहीतर जितके क्युबिट अधिक तितक्या चुका अधिक. नुसत्या क्युबिटांच्या संख्येवरून यंत्राची थोरवी ठरवणाऱ्या जाहिराती म्हणूनच फसव्या असतात.

गूगलच्या २०२३ मधील प्रयोगात मोठ्या जाळीला मिळालेली सरशी नाममात्र होती: प्रत्येक फेरीस ३.०२८ टक्क्यांऐवजी २.९१४ टक्के चुका. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ चिपवर मात्र जाळीची बाजू ३ वरून ५ आणि ५ वरून ७ करताना त्रुटी दर वेळी निम्म्याहून खाली आली. सर्वांत मोठ्या जाळीत ती प्रत्येक फेरीस ०.१४३ टक्के भरली, आणि साठवलेली माहिती त्या चिपवरील सर्वोत्तम सुट्या क्युबिटपेक्षा २.४ पट टिकली. वर्तमानपत्रांत गाजला तो एका गणनेला महासंगणकाला १०²⁵ वर्षे लागतील असा दावा. त्याचा या यशाशी संबंध नाही. त्याच संशोधनात साध्या पुनरावृत्ती-संकेताने (कोडने) दीर्घकाळ चाचणी घेतली, तेव्हा तासाभरात एखादा त्रुटींचा झोत येऊन सुधारणेला चकवत असल्याचे दिसले.

सरफेस कोड खर्चिक आहे. आयबीएमने २०२४ मध्ये मांडलेल्या संकेतात २८८ क्युबिटांत १२ तार्किक (म्हणजे अनेक क्युबिटांत गुंफून सुरक्षित केलेले) क्युबिट जपता येतात. सरफेस कोडला त्यासाठी सुमारे तीन हजार लागले असते. बदल्यात चिपवर दूरदूरच्या क्युबिटांना जोडावे लागते. अणूंच्या सापळ्यांवर हार्वर्डच्या गटाने २०२३ मध्ये ४८ तार्किक क्युबिटांपर्यंत मजल मारली. २०४८ बिटांची आरएसए ही कूटलेखनाची किल्ली फोडण्यासाठी २०१९ मध्ये दोन कोटी क्युबिट लागतील असा अंदाज होता. क्रेग गिडनी यांनी २०२५ मध्ये तो दहा लाखांखाली आणला.

भारतात डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने अतिसंवाहक मंडलांवर आधारित सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. तुलनेसाठी, एक चूक सुधारू शकणाऱ्या लहानात लहान सरफेस कोडला नेहमीच्या मांडणीत १७ क्युबिट लागतात.