मल्लखांबाखालचे हात

झाशीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. खडकावरचा किल्ला, उधळलेला घोडा, राणीच्या हातातील तलवार आणि पाठीशी बांधलेला बालक. पुतळ्यांनी आणि पोवाड्यांनी हे चित्र आपल्या मनावर इतके कोरले आहे की, त्यात आणखी काही असू शकेल असे आपल्या ध्यानीही येत नाही. आज मी त्या चित्रात राहून गेलेल्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू अगदी साधी आहे. जमिनीत पुरलेला लाकडाचा एक गुळगुळीत खांब. आपण त्याला मल्लखांब म्हणतो.

हा खांब मी कल्पनेने झाशीत नेऊन रोवलेला नाही. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे चार पैसे मिळतील, एवढीच त्यांची आशा. यज्ञ राहिला बाजूला आणि विष्णुभट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीस ते राहिले, शहराला पडलेला वेढा त्यांनी पाहिला आणि लुटीचे हालही सोसले. पुढे उतारवयात त्यांनी हे सारे लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यात राणीच्या दिनचर्येचे वर्णन आहे. बाईंना शरीरकष्टाची फार आवड. पहाटे उठावे, प्रथम मल्लखांब करावा आणि मग घोडा फेरावा, असा त्यांचा नेम होता. तलवारीचे दिवस पुढे यायचे होते. त्याआधी रोजच्या पहाटे हा खांब होता.

झाशीसारख्या बुंदेलखंडातील शहरात मराठी भिक्षुकास अन्न आणि मराठी राणीस मल्लखांब मिळावा, हे कसे घडले? छत्रसालाने आपल्या राज्याचा वाटा पहिल्या बाजीरावास दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकर हे झाशीचे सुभेदार होते. त्यांच्या काळात किल्ला वाढला, शहरही वाढले. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली. राणीची व्यायामविद्या मात्र झाशीची नव्हे, ती ब्रह्मावर्ताची. १८१८ साली पेशवाई बुडाली, दुसरा बाजीराव इंग्रजांचा पेन्शनर होऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. त्याच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी तेथे वाढली आणि १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी तिचा विवाह झाला. ब्रह्मावर्ताच्या त्या वाड्यातच तिने मल्लखांबाचे धडे घेतले असे परंपरा सांगते.

आणि बाजीरावाच्या दरबारीच, पुण्यास असताना, या विद्येचा पुनरुद्धार झाला होता. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. त्यानंतर कित्येक शतके ही विद्या जणू भूमिगत झाली. तिला वर काढणारे पुरुष म्हणजे बाळंभटदादा देवधर. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले, त्यांनी पेशव्यांस आव्हान दिले आणि ते या कोवळ्या ब्राह्मण मुलाने स्वीकारले, अशी आख्यायिका आहे. तयारीसाठी बाळंभट सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि झाडांवरील वानरांच्या हालचाली पाहून त्यांना खांबावरील पकडी सुचल्या, असेही सांगतात. आख्यायिकेचे शब्द तंतोतंत खरे मानण्याचे कारण नाही. परंतु तिचा आशय पाहण्याजोगा आहे. कुस्तीचा सराव माणसाशी होतो. माणूस थकतो, रागावतो, कधी मुद्दाम हार घेतो. बाळंभटांनी त्या माणसाच्या जागी लाकूड उभे केले. खांबाला मान ठेवली, मानेवर बोंड ठेवले, अंगाला एरंडेल चोळले. खेळ कुस्तीचाच, पण त्यात असा फेरफार झाला की, पाहता पाहता एक निराळाच खेळ जन्मास आला.

मूळ खेळात आपल्या गरजेप्रमाणे असा बदल करण्याची हौस आजच्या तरुणांस नवीन नाही. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत खेळाडू स्वतःच्या हाताने नवे नकाशे, नवी हत्यारे, नवे नियम घालतात आणि त्या फेरफारांस ‘मॉड’ म्हणतात. १९९३ साली निघालेल्या ‘डूम’ या खेळाच्या कर्त्यांनी खेळातील नकाशे व चित्रे मूळ यंत्रणेपासून वेगळी ठेवली होती, त्यामुळे ती बदलणे खेळणाऱ्यांस सोपे झाले. १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात दोन तरुणांनी केलेल्या फेरफारातून ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ निघाला आणि तो जगभर गाजला. पण फेरफार म्हटला की बिघाड आलाच. दोन मॉड एकाच गोष्टीवर हक्क सांगतात. एखादा खेळाच्या जुन्या आवृत्तीसाठी केलेला असतो. कोणता मॉड आधी आणि कोणता मागून, हा क्रम चुकतो. खेळ सुरू होताच बंद पडतो आणि नवखा खेळाडू हताश होऊन बसतो. मग एखादा अनोळखी, अनुभवी खेळाडू त्याला विचारतो, ‘तू शेवटी काय घातलेस? सगळे काढून मूळ खेळ चालतो का ते पाहा. मग निम्मे मॉड घालून पाहा. चालले तर दोष उरलेल्या निम्म्यात आहे.’ असे करीत करीत दोष एका जागी येऊन सापडतो. या कामाचे त्याला कोणी वेतन देत नाही. कधी काळी त्याचाही खेळ असाच बंद पडला होता आणि कोणीतरी त्याच्यापाशी थांबले होते, एवढेच कारण त्याला पुरते.

हे दृश्य ज्याने आखाडा पाहिला आहे त्याला मुळीच अपरिचित वाटणार नाही. मल्लखांबावरील पहिली मोठी परीक्षा म्हणजे अढी. खांब हातांनी घट्ट कवळायचा, पाय वर झोकायचे आणि मांड्यांची तिढी खांबाला घालून डोके खाली, पाय वर असे तोलून राहायचे. नव्या मुलाला ते साधत नाही. तो घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. तेथे बाजूला उभा असलेला, त्याच्याहून दोन वर्षे पुढे गेलेला मुलगा काय करतो? ‘जोर लाव’ असे नुसते ओरडत नाही. तो पाहतो की खांबाला तेल फार झाले आहे काय, मुलाच्या अंगाला घाम सुटला आहे काय, कंबर खांबापासून सुटते आहे काय, कोणता पाय आधी पडला आणि कोणता मागून. मग तो सांगतो, ‘पुढची उडी सोडून दे. आधी नुसता खांब कवळ. आता एक पाय. आता दुसरा.’ अवघड कसरत तो सुटीसुटी करतो आणि दोष नेमका कोणत्या सांध्यात आहे ते शोधून काढतो. रीत तीच आहे. आधी मूळ गोष्ट नीट चालते काय ते पाहावे, मग एकेक भर घालावी.

पण दोहोंत एक मोठा फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. संगणकावरील खेळ बिघडला तर पडदा काळा होतो. खांबावरील पकड बिघडली तर मान मोडते. म्हणून आखाड्यात सल्ला देणाऱ्याला दुरून बोलून चालत नाही. त्याला खांबाखाली हात पसरून उभे राहावे लागते. चुकीचा सल्ला दिला तर पडणारा देह आपल्याच हातांत येणार आहे, ही जाणीव त्याच्या बोलण्याला जबाबदारी आणते. वर चढणाऱ्याचे कौतुक सगळे करतात, खालच्या हातांकडे कोणी पाहत नाही. मला मात्र वाटते की, मल्लखांबाचा खरा इतिहास त्या हातांचा आहे.

असे का म्हणतो ते सांगतो. ज्या ज्या राजाश्रयाने ही विद्या पोसली, तो तो आश्रय एका शतकाच्या आत नाहीसा झाला. १८१८ साली पुणे गेले. १८५१ साली बाजीराव ब्रह्मावर्तास वारला. १८५४ साली झाशी खालसा झाली आणि १८५८ च्या एप्रिलात, वेढा फोडून राणी रात्री बाहेर पडल्यानंतर, शहर बेचिराख झाले. जूनमध्ये ग्वाल्हेरीस राणी रणांगणावर पडली. दरबारावर अवलंबून असलेली विद्या असती तर ती तेथेच संपली असती. ती संपली नाही, कारण ती एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती आधीच गेली होती. बाळंभटदादांकडून कोंडभटनाना गोडबोल्यांकडे, काशीच्या आखाड्याकडे, आणि मग शिष्यप्रशिष्यांच्या मार्गाने देशभर.

यात एक अडथळाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. उस्तादाने सगळे डाव शिकवावेत, एक मात्र राखून ठेवावा, म्हणजे शिष्य उलटला तरी भय नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते आणि शहाणपणाची म्हणून ऐकलेली असते. पण हिशेब करून पाहा. प्रत्येक पिढीने एक डाव राखला तर दहाव्या पिढीला काय उरेल? मल्लखांब जगला तो डाव राखणाऱ्यांमुळे नव्हे, डाव उघडा करणाऱ्यांमुळे. बडोद्यास दत्तात्रेय चिंतामण मजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. आखाड्यात कानात सांगितले जाणारे त्यांनी छापून सर्वांपुढे ठेवले. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाचे वर्ग चालवले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. मुंबईत दादरला १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिराने हेच व्रत चालवले.

खेळ उघडा झाला की त्यात फेरफार करणारे हातही वाढतात. पुरलेल्या खांबातून टांगता खांब निघाला. तो साखळीला लटकतो आणि गरगर फिरतो, म्हणून पुरलेल्या खांबावरचा तोल तेथे कामी येत नाही. कोणी खांब बाटल्यांवर उभा केला. कोणी वेतावर कसरती केल्या आणि चांगला वेत दुर्मिळ झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोरी आणली. दोरीने तर सारा प्रश्नच बदलला. खांब ताठ उभा असतो, दोरी अंगाबरोबर हलते. तेव्हा पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरण्याची युक्ती निघाली. गाठ मारायची नाही, केवळ अंगाच्या वेढ्यांनी दोरी अडवायची. याच दोरीवर पुढे मुली चढल्या. एका राणीला जे लहानपणी मिळाले, ते सामान्य घरातील मुलीस मिळण्यास फार काळ जावा लागला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी मुलेही आज मल्लखांब शिकतात. त्यांना कसरत दाखवता येत नाही. हातपाय जागेवर नेऊन ठेवावे लागतात आणि शब्द नेमके वापरावे लागतात. अशा शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले मुंबईचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री देऊन देशाने त्या खालच्या हातांचाच सन्मान केला, असे मी समजतो.

१९८१ मध्ये या खेळाचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. २०१९ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशी खेळाडू आपल्या खांबाला एरंडेल चोळताना दिसले. ज्या उत्तरेच्या मुलखातून बाळंभटांची विद्या फिरली, तेथेही ती पुन्हा मानाने नांदते आहे.

श्रोतेहो, झाशीस कधी गेलात तर किल्ला पाहालच. तोफा पाहाल, बुरूज पाहाल. त्या वेळी क्षणभर विष्णुभटांनी सांगितलेली ती पहाटही मनात आणा. अजून उजाडायचे आहे. एक तरुण विधवा राणी खांबावर चढते आहे. राज्य हातचे गेले आहे किंवा जाणार आहे, पण आजची अढी नीट पडली पाहिजे, एवढाच या घटकेचा प्रश्न आहे. ही अढी तिला ब्रह्मावर्तास कोणी शिकवली, लहानपणी ती पहिल्यांदा घसरली तेव्हा खाली कोणाचे हात होते, त्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवलेली नाहीत. पण ते हात होते. ते नसते तर ती पहाटही नसती. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी असे झेललेले असते. त्याची फेड करण्याची रीत एकच आहे. पुढचा जो कोणी वर चढत असेल, त्याच्या खाली आपण जाऊन उभे राहावे.