रेड ऑक्साइडचा भरवसा

कोकणपट्टीत गेट किंवा कुंपण रंगवायचं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन, आणि दर दिवाळीला पुन्हा. रंगाचा थर जितका जाड तितकं लोखंड सुरक्षित, हा त्यामागचा पूर्वपक्ष. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो बऱ्यापैकी निभावतो, मालवण-वेंगुर्ल्यात नाही.

मुळात रेड ऑक्साइडमधलं तांबडं द्रव्य म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गेरूचं भावंड. ते पाण्याची वाट थोडी अडवतं, गंजाची रासायनिक क्रिया रोखत नाही. पूर्वी लोखंडी पुलांना लावायचा तो शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, मात्र तेलाशी मिळून खरोखरच गंजाला आवर घाली. शिसं विषारी, म्हणून तो मागे पडला. त्याची पुण्याई दिसायला तशाच असलेल्या रेड ऑक्साइडच्या पदरात पडली असावी, असा माझा तर्क आहे. शेंदराचं काम आज झिंक फॉस्फेटचं प्रायमर करतं.

आता जाडीचं. रंगाच्या थरातून वाफ आणि प्राणवायू आत शिरतच असतात. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गंजाच्या खळग्यांत दडून राहिलं, तर ते थरातून पाणी ओढून घेतं आणि रंगाला फोड येतात. वर चार हात मारले तरी हे चुकत नाही. म्हणून तारेच्या ब्रशनं खरवडल्यावर लोखंड गोड्या पाण्यानं धुवावं, पूर्ण वाळवावं आणि त्याच दिवशी प्रायमर लावावं. हे धुणंच सगळे टाळतात. शिवाय ओला रंग अँगलच्या धारेवरून मागे सरतो आणि थर नेमका तिथेच पातळ पडतो. धारा आणि वेल्डिंगचे जोड आधी वेगळ्या हातानं रंगवून घ्यावेत.

‘मग एपॉक्सीच लावू’, असं कोणी म्हणेल. लावा, पण खाली. उन्हात ती खडूसारखी भुकटी सोडू लागते. वरचा हात पॉलियुरेथेनचाच हवा.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपच्या कुंपणाला तर तो सुरुवातीचा सल्ला मुळीच लागू नाही. ऑइल पेंटमधलं तेल जस्ताशी मिळून साबण बनतं, पकड सुटते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. तिथे आधी जस्तासाठीचं खास प्रायमर हवं. नाहीतर पाइप न रंगवलेलाच बरा.